पेन ड्राइव्हमधलं लोखंड

घरातला टीव्ही बंद पडला की लोक काय करतात? दुकानात जातात, दोन-चार टीव्ही बघतात, थोडी घासाघीस करतात, आणि संध्याकाळच्या बातम्यांना नवा टीव्ही भिंतीवर लागलेला असतो. भिलाईच्या स्मृति नगरातल्या लहानू खोब्रागड्यांच्या घरी मात्र जुना टीव्ही बंद पडून बाविसावा दिवस उजाडला तरी भिंतीवर नुसती भोकंच होती. दुकानं कमी पडली असं नाही. सुपेल्यापासून दुर्गच्या बाजारापर्यंत लहानूभाऊंनी एकही दुकान सोडलं नव्हतं. प्रत्येक दुकानात ते जात, खिशातून एक पेन ड्राइव्ह काढत, "हे लावून दाखवा" म्हणत, आणि पडद्यावर जे दिसे ते पावणेदोन मिनिटं डोळ्यांची पापणी न हलवता बघत. मग मान हलवत. मान नेहमी आडवीच हलायची.

लहानूभाऊ दोन वर्षांपूर्वी पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले होते. अडतीस वर्षं ब्लास्ट फर्नेसवर काढली, आणि ती सगळी लोखंड बघण्यात गेली. बघण्यात म्हणजे अक्षरशः बघण्यात. भट्टीचं तोंड फोडलं की वितळलेलं लोखंड नालीतून धावत सुटतं. ते किती तापलंय हे सांगायला यंत्र असतं, पण यंत्राचा आकडा येईपर्यंत लहानूभाऊंचा आकडा येऊन गेलेला असे. ते चौदाशे ऐंशी म्हणायचे, आणि जरा वेळानं यंत्र चौदाशे अठ्ठ्याहत्तर म्हणायचं. त्यावर "यंत्राले सर्दी झाली असन" असं म्हणून ते पुढच्या कामाला लागायचे. अशा माणसाला रंगाच्या बाबतीत फसवणं सोपं नव्हतं, आणि बिचाऱ्या दुकानदारांना हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पेन ड्राइव्हमध्ये एक व्हिडिओ होता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून धम्मपालनं तो मोबाइलवर घेतला होता. धम्मपाल म्हणजे लहानूभाऊंच्या हाताखाली तयार झालेला, अजून नोकरीत असलेला जोडीदार. व्हिडिओत होती लहानूभाऊंची शेवटची पाळी आणि त्यांनी काढलेलं शेवटचं लोखंड. नव्या टीव्हीवर हे लोखंड त्याच्या खऱ्या रंगात दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. अटीमागचं कारण ते कुणाला सांगत नव्हते.

कारण होत्या कमलाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. लग्न होऊन आल्या त्या वर्षी हे जोडपं मरोद्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतं. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेच्या दिवशी प्लांटचं फाटक घरच्या मंडळींसाठी उघडायचं. आजूबाजूच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, लेकरं कडेवर घेऊन, नवऱ्यांच्या भट्ट्या नि मशिनी बघायला जायच्या. कमलाबाईंनीही आदल्या दिवशी पिवळी साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि विचारलं, "आपण किती वाजता जाऊन राहिलो?" लहानूभाऊ म्हणाले, "आपण नाही जात. आपल्यात पूजा नाही. तिथं जाऊन हात जोडणं मले जमत नाही." त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली होती, बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या, आणि घरात त्या शब्दाला वजन होतं. कमलाबाईंच्याही माहेरी तसंच होतं. त्या "बरं" म्हणाल्या, आणि साडी घडी करून पेटीत ठेवली.

नंतरच्या पस्तीस वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. त्या बोलल्या नाहीत म्हणून लहानूभाऊंना ती इस्त्री केलेली साडी दर सप्टेंबरात आठवायची. पुढल्या वर्षी वेगळा पास काढून नेऊ, असं ते दर वर्षी ठरवायचे. असं ठरवता ठरवता साठ वर्षं पूर्ण झाली, हार घातले गेले, गेटपास जमा झाला आणि न्यायचं ते राहूनच गेलं.

आता हातात उरला होता तो हा व्हिडिओ. मोबाइलवर दाखवला तेव्हा कमलाबाईंनी डोळे बारीक करून पाहिला, "चांगला हाय" म्हणाल्या आणि कुकर बंद करायला गेल्या. यात त्यांची काही चूक नव्हती. तळहाताएवढ्या काचेवर ते लोखंड चुलीतल्या निखाऱ्याएवढं दिसत होतं. जुन्या टीव्हीला तर पेन ड्राइव्ह लागतच नव्हता. त्यामुळे तो टीव्ही बंद पडला तेव्हा घरातलं एक माणूस तोंडानं च्-च् करत होतं आणि मनातून खूश होतं.

त्यांची मुलगी सुजाता नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिनं पहिल्याच आठवड्यात लांबलचक मेसेज धाडला. साधा एलईडी घेऊ नका. ओएलईडी दिसायला सुंदर असतो, पण आपल्या हॉलला पश्चिमेची खिडकी आहे, दुपारभर ऊन येतं, त्यात तो फिका पडेल. मिनी एलईडी घ्या, तो सगळ्यात लख्ख. शेवटी लिहिलं होतं, 'बाबा, प्लीज, फार विचार करत बसू नका.' लहानूभाऊंनी मेसेज दोनदा वाचला आणि विचार करायला बसले.

असे फिरत फिरत ते जी. ई. रोडवरच्या एका मोठ्या शोरूममध्ये पोचले आणि तिथे त्यांना भाग्यश्री भेटली. तिशीची, चटपटीत, दुर्गच्या रेल्वेवाल्या मराठी घरातली. गिऱ्हाइकांशी दिवसभर हिंदी बोलून तिची मराठी फक्त घरापुरती उरली होती. पण लहानूभाऊंनी "बाई, हे कावून असं दिसून राहिलं?" असं विचारल्यावर तिनं हिंदी बाजूला ठेवली. निदान अर्धी.

भिंतीवर ओळीनं टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच पोपट उडत होता.

"काका, ये देखो, पंख पाहा. एकेक कलर अलग दिसते का नाही?"

"पोपट मी कधी इतक्या जवळून पाह्यला नाही," लहानूभाऊ म्हणाले. "तो खोटा असला तरी मले समजणार नाही. तू हे लाव."

पेन ड्राइव्ह लागला. साध्या एलईडीवर लोखंड गुलाबी आलं. "हे सरबत हाय," लहानूभाऊ म्हणाले. क्यूएलईडीवर ते पिवळंजर्द आलं, तेव्हा त्यांनी यात हळद कोणी टाकली म्हणून विचारलं. मग त्यांनी वरच्या खिशातून एक निळी काच काढली. भट्टीच्या आगीकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही, म्हणून तिथली माणसं अशा काचेतून बघतात. निवृत्त झाल्यावर सगळं परत केलं तरी ही काच त्यांच्या खिशातच राहिली होती. तिच्यातून ते टीव्ही बघू लागले. शेजारी फ्रिज बघायला आलेल्या एका गृहस्थानं हळूच विक्रेत्याला विचारलं की हा चष्मा टीव्हीसोबत मिळतो, की वेगळा घ्यावा लागतो.

भाग्यश्रीनं समजूतदारपणे रिमोट उचलला. "काका, पिक्चर थोडं वॉर्म करून देते. डोळ्याला बरं वाटेल."

तिनं बटण दाबलं आणि लोखंड तांबूस झालं.

"हे त तू थंड केलं," लहानूभाऊ म्हणाले.

"नाही काका, वॉर्म म्हणजे गरम. ये देखो, लिहिलं आहे ना."

"लिहणाऱ्यानं भट्टी पाह्यली नाही. लोखंड लाल झालं म्हणजे ते थंड होऊन राहिलं. पांढऱ्याकडं गेलं म्हणजे गरम. तुमच्या रिमोटवर सारं उलटं लिहलं हाय."

भाग्यश्री हसली आणि तिनं वाद घातला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी लहानूभाऊ पुन्हा आले तेव्हा ती आपणहून म्हणाली, "काका, मी रात्री वाचलं. आप सही थे. वॉर्मचा तापमानाचा आकडा खरंच कमी असतो." तेव्हापासून त्या दोघांचं जमलं. लहानूभाऊ रोज येऊ लागले. ती त्यांना टीव्ही शिकवायची, ते तिला लोखंड शिकवायचे. पडद्यावर ठिणग्या उडाल्या की बघणारे "वा, काय गरम आहे" म्हणायचे, आणि लहानूभाऊ तिला बाजूला घेऊन सांगायचे की चिणग्या जास्त उडाल्या म्हणजे माल थंड हाय, चांगलं तापलेलं लोखंड गुमान वाहते.

"आता तुम्ही ऐका," भाग्यश्री एक दिवस म्हणाली. "एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, या सगळ्यांत पडद्याच्या मागे लाइट असते. समोरचा पडदा ती अडवतो, नाहीतर सोडतो. मिनीत त्या लाइटा एकदम छोट्या न ढेर साऱ्या. पाहिजे तिथं जोरात, नको तिथं बंद. ओएलईडीत मागे लाइटच नाही. एकेक ठिपका आपला आपण पेटतो, आपला आपण विझतो."

लहानूभाऊंनी डोकं खाजवलं. "म्हणजे पहिल्यात मागच्या खोलीत दिवे लावायचे न दाराले पडदे टांगायचे. न दुसऱ्यात हरेकाच्या हाती आपापला दिवा."

"एकदम बरोबर. मी पण आता सगळ्यांना असंच सांगेन."

त्या दिवशी तिनं मिनी एलईडीवर व्हिडिओ लावला, आणि भट्टीचं तोंड फुटताच लहानूभाऊंचा हात आपोआप चेहऱ्यासमोर आला. ते एक पाऊल मागेही सरले. मागे सोफा होता, त्यावर ते बसले. कितीतरी दिवसांनी डोळे दिपले होते. सुजाता बरोबर सांगत होती, हाच टीव्ही. ते आनंदानं उठले, जवळ गेले, निळी काच लावून पुन्हा बघू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मधात रंग नाही," ते म्हणाले. "धारेच्या मधात. कागदासारखं कोरं दिसून राहिलं. तिथं रंग असते."

भाग्यश्रीनं व्हिडिओ थांबवला, चित्र मोठं केलं, निरखून पाहिलं. मग ती म्हणाली, "काका, हे टीव्हीचं नाही. मोबाइलनं अंधार पाहिला न आपला डोळा मोठा केला. त्यात आग नुसती पांढरी झाली. तिथला रंग त्यानं घेतलाच नाही. जो घेतलाच नाही, तो कोणता टीव्ही दाखवेल?"

लहानूभाऊंना हे लगेच कळलं. कळायला नको होतं असं त्यांना वाटलं. बावीस दिवस ज्या रंगासाठी दुकानं पालथी घातली, तो रंग पेन ड्राइव्हमध्ये नव्हताच. त्यांना फार वाईट वाटलं, आणि भाग्यश्रीसमोर तसं दिसू नये म्हणून त्यांनी निघता निघता तिच्यापाशी पोपटाचं कौतुक केलं.

घरी जाताना त्यांनी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवून धम्मपालला फोन लावला. एकदा पुन्हा काढता येईल का, जरा चांगल्या कॅमेऱ्यानं? धम्मपाल म्हणाला, "जय भीम भाऊ. अजी, आता मोबाइल फाटकावरच जमा करा लागते. तुमच्या दिवशी साहेबानं सोडलं ते सोडलं." लहानूभाऊ म्हणाले काही हरकत नाही. हरकत होती, पण ती धम्मपालला सांगून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते कमलाबाईंना म्हणाले, "टीव्ही तूच पसंत करून ये. मले कोणताही चालते."

कमलाबाईंनी कप खाली ठेवला. "कोणताही चालते? मंग बावीस दिवस तुमी काय पाहून राहिले होते?"

"तो व्हिडिओ. मोठ्या पडद्यावर तुले दाखवायचा होता. पण त्याच्यात रंगच बरोबर नाही आला."

"मले दाखवाले?"

"हो."

कमलाबाईंनी कप पुन्हा उचलला. "मले त बातम्या न दीक्षाभूमीचा कार्यक्रम दिसला म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. पण चहा संपवून त्या उठल्या त्या सरळ साडी बदलायला गेल्या, आणि दहा मिनिटांत स्कूटरपाशी उभ्या होत्या.

शोरूममध्ये भाग्यश्रीनं त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि समोरासमोर नव्हे तर शेजारी-शेजारी दोन टीव्ही लावले. एक मिनी एलईडी, एक ओएलईडी. दोन्हींवर पोपट उडाला.

"पोपट राहू दे बाई," कमलाबाई म्हणाल्या. "यायनं जे लावलं ते लाव."

दोन्ही पडद्यांवर काळोखी शेड आली. मग भट्टीचं तोंड फुटलं आणि लोखंडाची धार नालीत उतरली. लहानूभाऊ सोफ्यामागे उभे राहून, शाळेच्या मास्तरांसारखे, सांगू लागले. "हे पांढरं दिसून राहिलं ना, ते असं नसते. मोबाइलची चूक हाय. न त्या चिणग्या पाहू नको, धार पाहाय. ती बराबर कशी..."

कमलाबाई ऐकत नव्हत्या. त्या सोफ्यावरून उठल्या, मिनी एलईडीच्या अगदी जवळ गेल्या, मग ओएलईडीच्या जवळ गेल्या, पुन्हा मिनीकडे आल्या.

"तुमी कुठं आहा याच्यात?"

"मी?" लहानूभाऊ गडबडले. बावीस दिवसांत त्यांनी हा व्हिडिओ शंभरदा तरी पाहिला असेल, पण त्यात स्वतःला शोधायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. "असन तिकडं कडेले. मले काय पाहतं? लोखंड पाहाय."

"इथं काहीच नाही दिसत," कमलाबाई मिनी एलईडीकडे बोट दाखवून म्हणाल्या. खरंच तिथं धार इतकी झगझगीत होती की तिचा उजेड आजूबाजूला पसरून सगळं धुरकट झालं होतं. त्या धुरकटात माणसासारखं काहीतरी हलत होतं, एवढंच.

"काकू, मिनीत उजेड थोडा शेजारी सांडतो," भाग्यश्री म्हणाली. "मागच्या लाइटा कितीही छोट्या असल्या तरी ठिपक्याएवढ्या नसतात ना. ओएलईडीत पाहा. तिथं नाही सांडत."

कमलाबाई ओएलईडीसमोर उभ्या राहिल्या. तिथं धार होती, आणि धारेच्या काठाला लागून काळोख होता, स्वच्छ काळोख. त्या काळोखात एक माणूस उभा होता. अंगात चंदेरी कोट, डोक्यावर टोपरं, उजव्या हातात लांब सळई आणि डावा हात कमरेवर. त्याच्या कोटाच्या एका बाजूला लोखंडाचा उजेड लागलेला होता.

"हे तुमी," कमलाबाई म्हणाल्या.

"कशावरून? तोंड त झाकलेलं हाय."

"दूध उतू जाते का म्हणून गॅसपाशी तुमी असेच उभे राहता." त्या अजून पडद्याकडेच बघत होत्या. मग त्यांचा आवाज बदलला. "इतक्या जवळ?"

एक गोष्ट लहानूभाऊंना एकदम आठवली, आणि ती आपण इतकी वर्षं साफ विसरून गेलो होतो याचं त्यांना नवल वाटलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी कमलाबाईंनी एकदा विचारलं होतं की तिथं तुमी करता काय. तेव्हा ते म्हणाले होते की काचेची केबिन असते, आत एसी असतो, आमी बसून बटनं दाबतो. ते त्यांनी इतक्या बेमालूमपणे सांगितलं आणि नंतर इतकं नीट सांभाळलं की त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं. कामाचे कपडे लॉकरमध्ये राहायचे आणि धुवायला तिथूनच जायचे. मनगटावर भाजल्याची खूण आली ती कँटीनच्या चहानं. सुजातानं तर चौथीत निबंध लिहिला होता, माझे बाबा एसीत बसून लोखंड बनवतात. आणि हे सगळं खोटं असल्याचा पुरावा खिशात घालून ते बावीस दिवस दुर्ग-भिलाईतल्या दुकानादुकानांत स्वतःच दाखवत फिरले होते.

"किती फूट असन हे?" कमलाबाईंनी विचारलं.

"पंधरा-वीस."

"अजी, खरं सांगा."

"सहा," लहानूभाऊ म्हणाले. मग म्हणाले, "कधी कधी चार."

भाग्यश्री रिमोट पुसायला लागली. तो स्वच्छच होता.

"न ती काचेची केबिन?"

"केबिन हाय ना. साहेब बसत होते तिथं."

कमलाबाई सोफ्यावर बसल्या. "पस्तीस वर्षं मी लोकायले सांगून राहिली, आमचे हे एसीत बसतात म्हणून. शेजारच्या शीलाच्या नवऱ्याचा पाय भाजला तवा मी तिले डबा घेऊन गेली होती. तिले म्हटलं, बाई, तुले लय सोसा लागते, आमच्या यायचं काम त काचेतलं हाय. ती माह्याकडं पाहतच राह्यली. मले वाटलं, तिले वाईट वाटलं असन." त्यांना राग आला होता आणि तो त्या लपवत नव्हत्या. फ्रिजच्या बाजूला दोन माणसं दरवाजा उघडझाप करायची थांबून इकडे बघत होती.

लहानूभाऊ सोफ्याला वळसा घालून आले आणि त्यांच्या शेजारी बसले. दोन्ही टीव्ही शांत झाले होते.

"त्या पूजेच्या दिवशी तुले नेलं नाही," ते म्हणाले. "तवा जे सांगितलं ते खोटं नव्हतं. पण पूजा नसती तरी बी नेलं नसतं. पास काढीन म्हणत होतो दर साली, न काढत नव्हतो. तू एक डाव ते पाह्यलं असतं त दुसऱ्या दिवशी मले ड्यूटीवर जाऊ दिलं नसतं."

"नसतंच जाऊ दिलं."

"मंग. जाणं त होतंच."

कमलाबाईंनी पदरानं एक डोळा पुसला, मग दुसरा पुसला. "बाई, पुन्हा लाव," त्या भाग्यश्रीला म्हणाल्या. "या एकट्यावरच लाव."

ओएलईडीवर पुन्हा शेड आली, धार आली, धारेकाठचा माणूस आला. या वेळी लहानूभाऊंनीही त्याच्याकडेच पाहिलं. तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक होता, आणि लोखंड खरंच फार जवळ होतं. नव्वद सेकंद तो तिथून हलला नाही. मग सळई खांद्यावर टाकून तो मागं वळला आणि चित्रातून बाहेर चालत गेला. तो बाहेर गेला तेव्हा कमलाबाईंनी श्वास सोडला, आणि लहानूभाऊंना तो शेजारी बसून ऐकू आला.

"हाच दे," कमलाबाई म्हणाल्या.

लहानूभाऊंच्यातला पारखी यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं. "अवं, पण तो दुसरा जास्त लख्ख हाय. सुजातानं बी तोच सांगितला. आपल्या हॉलात दुपारी ऊन येते."

"काकू, ते खरं आहे," भाग्यश्री म्हणाली. ती इमानदार पोरगी होती. "उन्हात हा थोडा मंद वाटेल. आणि एकच चॅनल महिनोन्‌महिने दिवसभर चालू ठेवलं तर त्याच्या नावाची खूण पडद्यावर राहू शकते."

"ऊन आलं त जाड पडदा लावू. दुपारी मी झोपते. न बातम्या मी दोन घंटे पाहते, दिवसभर नाही पाहत."

"पण लोखंड त्या दुसऱ्यात..."

"लोखंड तिथंच राह्यलं, अजी," कमलाबाई म्हणाल्या. "घरी आला तो माणूस याच्यात दिसते."

लहानूभाऊंनी पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि उगाच बोटांत फिरवत बसले. त्यांना इतकं बरं वाटत होतं की कुठे बघावं ते कळत नव्हतं. भाग्यश्री कागद करायला काउंटरवर गेली, जाताना तिनं सगळ्या टीव्हींवरचा पोपटांचा आवाज बंद केला.

"आता सांगा," कमलाबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तो रंग. मोबाइलले नाही सापडला म्हणता ना. तुमी त पाह्यला. मधातला कसा होता?"

अडतीस वर्षं लहानूभाऊंनी आकडे सांगितले होते. रंग कसा होता हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारणारं माणूस आता त्यांच्याकडे वळून बसलं होतं.

"पहिले त रंग नसतेच," ते हळूच म्हणाले. "पहिले आवाज येते."

कमलाबाईंनी चपला काढल्या आणि सोफ्यावर मांडी घातली.